स्प्रिंगबोर्डवरील सूर : दीड सेकंदामागची साधना

नवी दिल्ली येथे मार्च १९५१ मध्ये पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. भारताने १५ सुवर्णपदके जिंकून जपानपाठोपाठ दुसरे स्थान मिळविले. त्यांपैकी सचिन नाग यांचे १०० मीटर फ्रीस्टाइल जलतरणातील सुवर्णपदक आजही आठवले जाते. मात्र त्याच स्पर्धेत के. पी. ठक्कर यांनी तीन मीटर स्प्रिंगबोर्ड आणि दहा मीटर प्लॅटफॉर्म अशा दोन्ही प्रकारांत सुवर्णपदक पटकावले होते, हे फारसे कोणास ठाऊक नसते. त्यानंतर आशियाई स्पर्धेत भारताला डायव्हिंगचे सुवर्णपदक मिळालेले नाही.

असे का व्हावे? त्याचे उत्तर या खेळाच्या स्वरूपात आहे.

प्लॅटफॉर्म स्थिर असतो, तर स्प्रिंगबोर्ड ही लवचिक फळी असते. आजची फळी ॲल्युमिनियमची, सुमारे पाच मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असते. खेळाडू मोजकी पावले टाकून तिच्या टोकावर उडी घेतो. फळी वाकते आणि त्याला वर फेकते. फळीची लय आणि पायांची लय जुळली नाही, तर उंची मिळत नाही. हवेत शरीर आखडून घेतल्यास गिरकीचा वेग वाढतो, ताणल्यास कमी होतो. हे सारे जेमतेम दीड सेकंदात घडते. पाण्यात शिरताना वेग ताशी सुमारे ३० किलोमीटर असतो, त्यामुळे अंग थोडे जरी तिरके पडले तरी जबर मार बसतो.

आंतरराष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धेत सात पंच शून्य ते दहा गुण देतात. सर्वाधिक दोन आणि सर्वांत कमी दोन गुण वगळून उरलेल्या तिन्हींच्या बेरजेला काठिण्यांकाने गुणले जाते. म्हणूनच पदकासाठी अवघड सूर घ्यावा लागतो आणि धोकाही पत्करावा लागतो.

हा धोका १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिला. अमेरिकेचे ग्रेग लुगानिस यांचे डोके उलट्या सुरात फळीवर आपटले. जखमेला टाके घालून ते पुन्हा फळीवर उभे राहिले आणि त्यांनी सुवर्णपदक जिंकले. स्पर्धेपूर्वी काही महिने आपणास एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले होते, हे त्यांनी १९९५ मध्ये जाहीर केले.

असे धैर्य सरावातूनच येते. खेळाडू आधी जमिनीवर ट्रॅम्पोलिन आणि दोरांच्या आधाराने गिरक्या शिकतो, मग पाण्याकडे वळतो. तीन मीटर फळीखाली पाणी साधारण पावणेचार मीटर खोल लागते. पोहण्याचा नेहमीचा तलाव त्यासाठी पुरत नाही. रायपूर असो वा नागपूर, सुट्टीत तलावावर मुटका मारणाऱ्या मुलांतून सूरपटू घडायचा, तर खोल कुंड, चांगली फळी आणि जाणकार प्रशिक्षक ही तिन्ही एकाच ठिकाणी हवीत.

समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूरच्या हृतिका श्रीराम यांनी राष्ट्रीय स्पर्धांत सुवर्णपदके मिळवून दाखविली आहेत. गुणवत्ता किनाऱ्यावरच जन्मते, असे नाही. तिला वेळेवर फळी मिळाली, तर ठक्कर यांच्या नावापुढे आणखी एक नाव लिहिले जाऊ शकेल.