चावरी चप्पल माणसाळवूया!

कान आहेत, पण ऐकू येत नाही. अंगठा आहे, पण बोटं नाहीत. दात नाहीत, तरी चावते. आणि तोंड नसूनही चालताना कर्रकर्र बोलते! ओळखा पाहू कोण?

बरोब्बर! कोल्हापुरी चप्पल.

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी ती असेल. मामाच्या लग्नात किंवा शाळेच्या गॅदरिंगमध्ये फेट्याबरोबर ती ऐटीत पायात येते. दोन तासांत अंगठ्याजवळ फोड येतो आणि दुसऱ्या दिवशी तिची रवानगी थेट माळ्यावर! “छे, कोल्हापुरी चावते बुवा,” असा शिक्का तिच्यावर कायमचा बसतो.

पण दोस्तांनो, ती उगाच खोडी म्हणून चावत नाही बरं का! त्यामागे एक शास्त्र आहे. ते समजलं, तर चांगली चप्पल निवडता येते, तिला आपल्या पायाची सवय लावता येते आणि ती वर्षानुवर्षं टिकवताही येते. शिवाय खरी चप्पल ओळखणारं गिऱ्हाईक असेल, तरच ती बनवणारा कारागीर टिकणार आहे. कसं ते आता पाहू.

चहा, हिरडा आणि पैलवान

चहा फार वेळ उकळला, की तोंड तुरट होतं ना? हा तुरटपणा टॅनिन नावाच्या द्रव्याचा. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात हे टॅनिन भरपूर असतं. कोल्हापुरी चपलेचा जन्म इथूनच होतो.

कच्चं कातडं तसंच ठेवलं तर कुजून जातं. म्हणून त्याला आधी मीठ लावतात. मग चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरचे केस खरवडून काढतात. त्यानंतर बाभळीची साल आणि हिरडा घातलेल्या पाण्यात ते मुरवत ठेवतात. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांच्या तंतूंना घट्ट धरून ठेवतं, आणि मग ते कातडं कुजत नाही. या कामाला ‘कातडं कमावणं’ म्हणतात. शब्द कसा नेमका आहे पाहा! कोल्हापूर म्हणजे पैलवानांचं गाव. तालमीत पैलवान शरीर कमावतो ते काही एका दिवसात नाही. कातडंही तसंच. त्याला काही आठवडे द्यावे लागतात.

कारखान्यात हेच काम क्रोमियमच्या क्षारांनी एक-दोन दिवसांत उरकतं. जगातले बहुतेक चामडी बूट आज अशाच चामड्याचे असतात. ते पहिल्या दिवसापासून मऊ असतं. झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडं मात्र सुरुवातीला ताठ असतं. पायाची ऊब, घाम आणि चालण्यातली हालचाल मिळाली, की ते हळूहळू नरमतं आणि तुमच्या पायाचा आकार घेतं. म्हणजे दुकानातली चप्पल अर्धीच तयार झालेली असते. उरलेलं अर्धं काम तुमच्या पायांनी करायचं असतं!

“मामा, हे कातडं कसलं?”

आता खरेदीला निघू. कोल्हापुरात शिवाजी चौकाजवळ ‘चप्पल लाईन’ आहे. ओळीनं नुसती चपलांचीच दुकानं! तिथं किंवा तुमच्या गावातल्या दुकानात गेलात, की या गोष्टी तपासा.

तळाची कड पाहा. खऱ्या चपलेचा तळ साधारणपणे म्हशीच्या जाड चामड्याचा असतो. एकावर एक ठेवलेले चामड्याचे थर कडेनं स्पष्ट दिसतात. मध्ये पुठ्ठा दिसला, तर चप्पल खाली ठेवा.

शिवण पाहा. पारंपरिक चपलेत खिळा नसतो. चामड्याच्याच बारीक वादीनं ती शिवलेली असते. कारागीर आरीनं भोक पाडतो आणि त्यातून वादी ओवत जातो.

पट्ट्याची आतली बाजू पाहा. चामड्याला आतून बारीक तंतू दिसतात. रेक्झिनला मात्र आतून कापड चिकटवलेलं असतं.

वास घ्या. हो, अगदी खुशाल नाक लावा! कमावलेल्या चामड्याचा वास एकदा ओळखीचा झाला, की प्लॅस्टिकचा वास लगेच वेगळा कळतो.

दोन्ही चपलांच्या रंगात किंचित फरक असेल, तर घाबरू नका. कातडं ते, छापलेला कागद नव्हे! उलट फारच गुळगुळीत आणि चकचकीत माल दिसला, तर दुकानदाराला सरळ विचारा, “मामा, हे कातडं कसलं? कुणी बनवलंय?” खरा माल विकणारा माणूस या प्रश्नावर खुलतो.

माप घ्यायला शक्यतो संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. दोन्ही पायांत चप्पल घाला, उभे राहा, चालून पाहा. आपला एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असू शकतो, त्यामुळे एकाच पायात घालून चालत नाही. टाच मागून बाहेर जायला नको आणि अंगठा बोटात रुतायला नको.

आणखी एक गंमत. आपल्याकडे मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घेतात. आई चपलाही तशाच घेऊ म्हणाली, तर तिला हळूच सांगा, की कोल्हापुरी वापरून सैल होते. आज सैल असलेली चप्पल महिन्याभरात पायातून निसटेल. म्हणून ती घेताना थोडी घट्टच बरी. पण घट्ट म्हणजे दुखणारी नव्हे!

पंधरा दिवसांची मैत्री

चप्पल घरी आली. आता लगेच ती घालून पन्हाळा चढायला निघालात, तर फोड ठरलेलाच. तिला माणसाळवायचं तर सावकाशीनं घ्या.

पहिल्या रात्री पट्ट्याच्या आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला एरंडेलाचे किंवा खोबरेल तेलाचे एक-दोन थेंब बोटानं चोळा. तेल तंतूंमध्ये शिरतं आणि ते एकमेकांवरून सहज सरकू लागतात. पण बाटली उपडी करू नका हं! तेलकट चपलेवर धूळ बसते आणि मोज्यांवर, फरशीवर डाग पडतात ते वेगळेच.

पहिले तीन-चार दिवस घरातच अर्धा-एक तास घाला. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. मग मित्राच्या घरापर्यंत. साधारण दोन आठवड्यांत ती तुमची होते. कुठं लाल झालं, तर त्या दिवशी थांबा. फोड आलाच तर फोडू नका. जागा स्वच्छ करून पट्टी लावा आणि बरं होईपर्यंत दुसरी चप्पल वापरा. घरात आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर त्यांना मात्र चावणारी चप्पल मुळीच घालू देऊ नका. त्यांना पायाची जखम लवकर जाणवत नाही आणि लवकर भरतही नाही.

तिचा शत्रू: पाऊस

कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. पंचगंगा फुगली, की चप्पल कपाटात! पावसाळ्यापूर्वी ती कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा हलका हात फिरवा आणि वर्तमानपत्रात किंवा सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. आतली दमट हवा बाहेर पडत नाही आणि बुरशी धरते.

अवचित भिजलीच, तर? काही जण ती कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवतात. नेमकं तेच करायचं नाही! पाणी झपाट्यानं उडून गेलं, की तंतू एकमेकांना चिकटतात, चामडं कडक होतं आणि तडकतं. सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या आणि मग थोडं तेल लावा. एखादी वादी सैल झाली तर लगेच दुरुस्त करून घ्या. आजचा एक टाका उद्याचे दहा टाके वाचवतो.

हेच नियम तुमच्या शाळेच्या काळ्या चामडी बुटांनाही लागू आहेत. ते भिजले, तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा. पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट मात्र कापडाचे. ते साबणाच्या पाण्यानं ब्रशनं घासता येतात, पण नाडी आणि आतला तळ आधी काढून!

मिलानमधली चप्पल

जून २०२५मध्ये एक बातमी गाजली. इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीनं आपल्या फॅशन शोमध्ये अंगठ्याच्या सपाट चपला दाखवल्या. दिसायला थेट कोल्हापुरी! पण कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. इकडे लोकांनी आवाज उठवला. तेव्हा कंपनीनं मान्य केलं, की या चपलांची प्रेरणा भारतातल्या कारागिरांची आहे. डिसेंबर २०२५मध्ये तिनं महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करारही केला.

दोन राज्यं कशी, असा प्रश्न पडला ना? कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. अथणी-निपाणीकडच्या घरांमध्येही या चपला बनतात. राज्याची सीमा नकाशावर आहे, आरी मात्र दोन्हीकडे एकच चालते.

ही कला चालवली चर्मकार आणि ढोर समाजातल्या कुटुंबांनी. कुणी कातडं कमावलं, कुणी तळ शिवला. नाजूक वेण्या विणण्याचं काम बहुतेक घरांत बायकाच करतात. राजर्षी शाहू महाराजांनी (राज्यकाल १८९४ ते १९२२) या उद्योगाला उत्तेजन दिलं. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्यांनी साऱ्या गावाचे पाय सांभाळले, त्यांनाच गावानं वेशीबाहेर ठेवलं. आजही अनेक कारागिरांची मुलं म्हणतात, कष्ट एवढे आणि मोल थोडं, मग हे काम आम्ही का करावं? त्यांचं चुकतं, असं कोण म्हणेल?

मिलानला नाव मिळालं, हे छानच. पण कारागिराला रोजचं गिऱ्हाईक मिळतं ते तुमच्या-आमच्यातून. रेक्झिनची नक्कल ‘कोल्हापुरी’ म्हणून स्वस्तात खपली, की खरी चप्पल करणाऱ्यालाही भाव उतरवावा लागतो. ही नक्कल ओळखायला मोठी पदवी लागत नाही. तळाची कड पाहणारे दोन डोळे, एक नाक आणि विचारायची हिंमत एवढं पुरे!

तर मग, आज एक काम करा. माळ्यावर पडलेली ती जुनी चावरी चप्पल खाली काढा. तिची कड पाहा, शिवण पाहा. खरी निघाली, तर धूळ झटका आणि दोन थेंब तेल लावा. पंधरा दिवसांनी ती चावते की कर्रकर्र गप्पा मारते, ते आम्हाला जरूर कळवा!