पुस्तकाचेही बेणे पारखून घ्यावे



या पानावर आम्ही दर अंकात लागणीचे अंतर, खताचे हप्ते, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्याची निगा असे विषय मांडत असतो. या वेळी पुस्तकांच्या दुकानावर लिहीत आहोत. "ऊस खात्याला हे कुठलं नवीन सुचलं?" असे काही जण म्हणतील. म्हणू द्यावे. बेणे आणि पुस्तक या दोन गोष्टींत आम्हाला एक साम्य दिसले, ते सभासदांपुढे ठेवावेसे वाटते.

कपिलधारच्या यात्रेतले दुकान

गेल्या कार्तिकी पौर्णिमेला आम्ही कपिलधारला गेलो होतो. बालाघाटच्या कुशीतले, धबधब्याचे हे स्थान आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. मन्मथस्वामींची संजीवन समाधी येथे आहे. मराठवाड्यातून आणि शेजारच्या कर्नाटकातून दिंड्या पायी येतात. त्याच सुमारास गळीत हंगाम सुरू होतो. आपल्या भागातल्या काही टोळ्या गेलेल्या असतात, काही निघायच्या बेतात असतात.

दर्शन करून खाली उतरताना पोथ्या-पुस्तकांचे एक दुकान लागले. ताडपत्री, दोन फळ्या आणि त्यावर मांडलेला माल. पुढे अर्थातच मन्मथस्वामींच्या 'परमरहस्य' ग्रंथाच्या प्रती रचलेल्या. ओवीबद्ध मराठीतला सोळाव्या शतकातला हा ग्रंथ आजही घरोघरी पारायणाला लावतात, म्हणून त्याला गिऱ्हाईक भरपूर. एका कोपऱ्यात मात्र कथा-कादंबऱ्यांची चळत होती.

आमच्या गटातले एक वयस्क सभासद तेथे पोथी घेत होते. पैसे देऊन निघाले, तेव्हा दुकानदाराने विचारले, "आप्पा, पोथी झाली. घरात आनखी वाचणारं कोण हाय?"

"नात हाय. बारावी झाली, आता शिवणक्लासला जाती. माझा धाकटा भाऊ शिलाईचं दुकान चालवतो, त्याचंच बघून तिनं घेतलंय डोक्यात. चालवतो म्हंजी काय, बसतो दुकानात. रेडिमेडमुळं काम कुठं राहिलं?"

दुकानदाराने चळतीतून दोन पुस्तके काढली. "ही दोन्ही शिलाईवाल्याच्या घरातली हायेत. घिऊन जा. नाही आवडली तर पुढच्या कार्तिकीला परत आणा."

एक होते रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' ही १९७१ सालची कादंबरी. गावातल्या शिंप्याची बायको आपल्या घराची पडझड आपल्याच तोंडाने सांगते, आणि तीही मराठवाड्याच्या बोलीत. दुसरे देविदास सौदागर यांचे 'उसवण'. हे लेखक तुळजापूरचे. स्वतः शिलाईकाम केलेले. तयार कपड्यांच्या बाजारापुढे गावातल्या टेलरची होणारी दैना त्यांनी मांडली आणि २०२४ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. दोन्ही पुस्तकांत पन्नास वर्षांचे अंतर, पण दोरा तोच.

महिनाभराने हे सभासद तोडीची चौकशी करायला गट ऑफिसला आले. तोडीचे बोलणे झाल्यावर आम्ही पुस्तकाचे विचारले. म्हणाले, "नातीनं रात्री मोठ्यानं वाचून दाखविलं. भाऊ बी येऊन बसायचा. निम्मं झाल्यावर तो म्हणला, हे कोणी लिहिलं? याला माझी गोष्ट कोणी सांगितली? एकदा बोलवा याला, मला विचारायचंय."

लेखकाचा कार्यक्रम कशासाठी ठेवायचा, याचे इतके नेमके उत्तर आम्ही दुसरीकडे ऐकलेले नाही.

आमची चूक

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या हौसेने गट ऑफिससाठी पुस्तके आणली. यादी आम्हीच केली. कोणाला विचारले नाही. एकरकमी खरेदी केली, गठ्ठा आला, कपाटात लागला. वर्षअखेर रजिस्टर पाहिले तर दोन नोंदी, त्यातली एक आमचीच. एक जाड ग्रंथ तेवढा टेबलावर कामाला आला, तोडचिठ्ठ्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

सभासद वाचत नाहीत, असा ठपका ठेवून आम्ही मोकळे झालो. पण विचार करा. एखाद्याच्या चोपण रानात आम्ही न विचारता नको ते बेणे पाठवले आणि उगवण झाली नाही, तर दोष रानाचा की आमचा? को ८६०३२ चांगला वाण आहे म्हणून तो सगळीकडेच लावा असे आम्ही म्हणत नाही. खारवट, चोपण जमिनीत फुले २६५ तग धरतो, तर तेथे तो सुचवतो. आधी रान पाहतो, पाणी पाहतो, हंगाम पाहतो, मग वाण सांगतो. पुस्तकांच्या बाबतीत हे आम्ही विसरलो. कपिलधारच्या त्या दुकानदाराने मात्र आधी "घरात वाचणारं कोण हाय" हे विचारले. ऊस विकास अधिकाऱ्याचे काम त्याने आमच्यापेक्षा चांगले केले.

माल ओळखणारा माणूस

पुस्तकाचे दुकान म्हटले की आपल्याकडे वह्या, गाईड आणि कंपासपेटी डोळ्यांपुढे येते. त्यात गैर काही नाही, दुकानदारालाही पोट आहे. पण वाचून विकणारे दुकानदार महाराष्ट्रात होऊन गेले आहेत. मुंबईत गिरगावात केशवराव कोठावळे यांनी 'मॅजेस्टिक बुक स्टॉल' छोट्या प्रमाणावर सुरू केला आणि पुढे ते प्रकाशक झाले. १९६४ च्या जानेवारीत त्यांनी 'ललित' मासिक काढले. कोणते नवे पुस्तक आले, त्यात काय आहे, कोणी वाचावे, हे लांबच्या गावच्या वाचकाला कळावे अशी त्याची रचना. पुढे 'मॅजेस्टिक गप्पा' या नावाने लेखक आणि वाचक समोरासमोर बसू लागले. १९७४ साली दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ सुरू केली. वाचक सभासद करायचे आणि पुस्तके गावोगाव न्यायची, असा तो मार्ग. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' याच ग्रंथालीने काढले. सभासदांच्या बळावर काम कसे उभे राहते, हे सहकारातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

परदेशातही असेच आहे. ब्रिटनमध्ये वेल्स प्रांतात हे-ऑन-वाय नावाचे लहान गाव आहे. आजूबाजूला मेंढ्या राखणाऱ्यांची वस्ती. तेथे रिचर्ड बूथ यांनी १९६२ साली जुन्या पुस्तकांचे दुकान टाकले. पाहता पाहता गाव पुस्तकांचे झाले, आणि १९८८ पासून तेथे लेखकांचा मेळा भरू लागला. त्याच धर्तीवर २०१७ च्या मे महिन्यात महाबळेश्वर तालुक्यातले स्ट्रॉबेरी पिकवणारे भिलार हे 'पुस्तकांचं गाव' झाले. शेतकऱ्यांच्या घरांतच पुस्तके ठेवली.

शिवार फेरी आणि लेखकाची भेट

आम्ही कितीही पत्रके छापली तरी शेतकरी शेजाऱ्याचा प्लॉट पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. म्हणून शिवार फेरी काढावी लागते. ज्याने ऊस पिकवला तो बांधावर उभा राहतो, लोक प्रश्न विचारतात, तो चुकलेलेही सांगतो. लेखकाची भेट ही अशीच शिवार फेरी आहे. हार-तुरे, प्रास्ताविक आणि पाहुण्यांची भाषणे यांतच दोन तास गेले आणि लेखकाला दहा मिनिटे मिळाली, तर ती भेट नव्हे.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. शके १११० चा 'विवेकसिंधू' लिहिणारे मुकुंदराज अंबाजोगाईचे. त्याच अंबाजोगाईत १९८३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते 'बनगरवाडी'कार व्यंकटेश माडगूळकर. माणदेशातल्या दुष्काळी मुलुखातला हा माणूस, आकाशवाणी पुणे केंद्रावर ग्रामीण श्रोत्यांसाठी वर्षानुवर्षे काम केलेला. आम्ही तेव्हा अगदीच लहान. घरातली वडीलधारी मंडळी मात्र त्या दिवसांचे अजून बोलतात. लेखक म्हणजे आपल्यासारखाच माणूस असतो, हे त्यांनी तेव्हा पाहिले.

कोणाच्या रानात कोणते?

आता आमच्याकडून काही शिफारसी. आम्ही पदविकाधारक शेतकी माणूस, समीक्षक नव्हे. जे वाचले तेवढेच सांगतो.

ज्यांची मुले शिकून घरी बसली आहेत, शेतीत जीव रमत नाही आणि नोकरीही लागत नाही, त्या घरात सदानंद देशमुख यांचे 'बारोमास' असावे. बाप, लेक आणि सून या तिघांनीही वाचावे. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला आहे.

दहावी-बारावीच्या मुलांना आनंद यादवांचे 'झोंबी' (१९८७) द्यावे. रानात राबणाऱ्या मुलाने शाळेसाठी बापाशी कशी झुंज घेतली, त्याची ही खरी कहाणी. वाचल्यावर आपल्या घरातल्या, आणि टोळीबरोबर कोप्यांवर जाणाऱ्या मुलांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू.

गावातल्या राजकारणाची, मजुराची, बाईमाणसाची खरी दुखणी वाचायची असतील, तर परभणीचे आसाराम लोमटे यांचा 'आलोक' हा कथासंग्रह. २०१६ चा अकादमी पुरस्कार. एक कथा एका बैठकीत होते, म्हणून मोटर चालू करून बांधावर बसणाऱ्यांना सोयीचा.

आपल्याच जिल्ह्यातले एकनाथ आवाड यांचे आत्मचरित्र 'जग बदल घालुनी घाव'. पोतराजाच्या घरात जन्मून ते मानवी हक्कांच्या लढ्यात कसे उतरले, हे त्यात आहे. काही पाने वाचताना आपली मान खाली जाते. तरी वाचावे.

प्रयोग करणाऱ्या तरुणांनी श्री. अ. दाभोळकर यांचे 'विपुलाच सृष्टी' घ्यावे. थोड्या जागेत, थोड्या पाण्यात, शेतकऱ्याने स्वतः मोजून-मापून कसे शिकावे हे सांगणारे पुस्तक आहे.

आणि कृष्णात खोत यांची 'रिंगाण', २०२३ ची अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरी. धरणाखाली गाव गेलेल्या माणसांची आणि त्यांच्या जनावरांची ही गोष्ट. आपल्यापैकी ज्यांचा ऊस कालव्यावर आहे, त्यांच्या पाटात येणारे पाणी कोणाच्या तरी बुडालेल्या गावठाणावरून आलेले असते. ते पुस्तक मिटल्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो.

बोलणी खाण्याची तयारी

काही संचालकांशी व सभासदांशी या विषयावर बोलणे झाले, तेव्हा एक शंका निघाली. "पुस्तकवाले आले की उसाला शिव्या देणार. ऊस पाणी पितो, कारखाना राजकारण करतो, तोडणी मजुराला लुटतो. आपल्याच मांडवात हे कशाला ऐकायचं?"

शंका खरी आहे. अशी पुस्तके आहेत आणि पुढेही येतील. उसाला पाणी फार लागते हे खोटे नाही. आम्हीच या पानावर ठिबकचा आग्रह धरतो तो त्यासाठीच. आपल्या सभासदांपैकी कितीतरी जणांचे भाऊबंद कोयता घेऊन दुसऱ्या जिल्ह्यांत जातात, तेव्हा मजुराचे दुःख आपल्याला परके नाही. माती परीक्षणाचा अहवाल मनासारखा आला नाही म्हणून आपण तो फाडत नाही. पुस्तकाचेही तसेच. लेखक चुकीचे लिहीत असेल तर समोर बसवून विचारता येईल. बरोबर लिहीत असेल तर ऐकले पाहिजे. १८८३ साली महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तोही गोड लागावा म्हणून नव्हे.

आणि कारखान्याचा पुस्तकांशी काय संबंध, असे कोणी म्हणत असेल तर प्रवरानगरकडे पाहावे. ज्या विखे पाटलांनी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला, त्यांच्या नावाने तेथे साहित्य पुरस्कार दिले जातात.

काय करता येईल?

आमची सूचना साधी आहे. बॉयलर पेटवण्याच्या दिवशी सभासद येतातच. त्या दिवशी जिल्ह्यातल्या एखाद्या वाचणाऱ्या पुस्तक विक्रेत्याला कारखान्याच्या आवारात टेबल लावू द्यावे. टोळ्या बाहेर पडण्याआधी गट ऑफिससमोरही एक दिवस लावावे, म्हणजे कोप्यावर जाणाऱ्या पेटीत भांड्यांबरोबर मुलांसाठी एखादे पुस्तक जाईल. कारखान्याने गठ्ठा खरेदी करून फुकट वाटू नये. फुकटचे बेणे बांधावर वाळते हे आम्ही पाहिलेले आहे. ज्याने त्याने चाळून, विचारून, स्वतःच्या पैशाने घ्यावे. वर्षातून एकदा एका लेखकाला बोलवावे. स्वागत दोन मिनिटांत, व्यासपीठावर फक्त लेखक, आणि निम्मा वेळ लोकांच्या प्रश्नांना.

पहिला प्रश्न कोणाचा हे आमच्याकडे ठरलेले आहे. आमच्या गटातल्या त्या शिलाईवाल्या भावाचा. तो अजून वाट पाहतोय.

ज्या सभासदांना हे पटत असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसला निरोप द्यावा, आणि घरात वाचणारे कोण आहे तेही कळवावे. या वेळी यादी आम्ही एकट्याने करणार नाही.

— ऊस विकास अधिकारी