बिघाड शोधण्याचे पैसे

“दहा रुपयांचा कंडेन्सर टाकला आणि चारशे रुपये घेतले!” इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या धंद्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. हिशेब खोटा नसतो, पण त्यात मुख्य काम धरलेलंच नसतं. कंडेन्सर बदलायला पाच मिनिटं पुरतात. बोर्डावरच्या दोन-तीनशे भागांपैकी नेमका हाच गेलाय, हे ठरवायला कधी अर्धा तास लागतो, कधी दोन दिवस. पैसे त्या ठरवण्याचे असतात. पण ते ठरवणं गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्याला दिसतो तो बदललेला कंडेन्सर.

पुण्याच्या वारज्याचंच उदाहरण घ्या. हे गाव 1997 साली पुणे महापालिकेत आलं. मग बायपासच्या दोन्ही अंगांना सोसायट्या वाढत गेल्या आणि घराघरांतल्या टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर, एसींबरोबर एका शटरची दुरुस्तीची दुकानंही आली. सुटे भाग आणायला मात्र आजही शहरात, बुधवार पेठेत जावं लागतं: तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास. पुण्याचं टीव्हीशी नातं तसं जुनं आहे. मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून ते पुण्यात दिसू लागलं. छपरावरची अँटेना गडाच्या दिशेनं फिरवून “आलं का? आता?” असं वरून ओरडणं, ही इथल्या एका अख्ख्या पिढीची टीव्ही दुरुस्तीची पहिली शिकवणी.

दुकानातलं संभाषण ठरलेलं असतं. “काका, टीव्ही एकदम डेड झालाय.” “लाल लाइट लागतोय का?” हा पहिला प्रश्न औपचारिक नाही. लाल लाइट लागत असेल तर स्टँडबाय सप्लाय शाबूत आहे, म्हणजे अर्धा बोर्ड संशयातून सुटला. आवाज येतोय पण चित्र नाही असं असेल, तर अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारायचा. पुसट चित्र हलताना दिसलं की पॅनल चांगलं, मागचा उजेड गेलेला. एलईडी पट्ट्यांवरचे दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात, प्रत्येकाला साधारण तीन व्होल्ट लागतात आणि एक जरी उघडा पडला तरी ती सगळी माळ विझते. म्हणजे स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी एक प्रश्न आणि एक टॉर्च एवढ्यावर बिघाडाची जागा कळली. खरी जोखीम पुढं. पट्ट्या बदलायला काचेचं पॅनल उचलावं लागतं. त्याच्या कडेची पातळ रिबन फाटली, तर बरा होणारा सेट कायमचा गेला. म्हणून पॅनल उचलायला दोन माणसं लागतात, आणि एकच पट्टी बदलण्यात अर्थ नसतो. बाकीच्यांचं वयही तेवढंच झालेलं असतं.

सगळ्यात आवडावं असं हत्यार म्हणजे सिरीज बल्ब. शंभर वॅटचा जुना, तारेचा बल्ब बिघडलेल्या सेटच्या वाटेत जोडायचा आणि मग सप्लाय द्यायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, करंट तिथंच अडतो आणि बाकीचे भाग वाचतात. शॉर्ट नसेल तर बल्ब क्षणभर लखलखून मंद होतो: आतला मोठा कंडेन्सर भरला, पुढं जायला हरकत नाही. हे जमतं ते तारेच्या गुणामुळं. गरम असताना तिचा रोध पाचशे ओहमच्या वर असतो, गार असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एलईडी बल्ब इथं चालत नाही. त्यामुळं बाकी जगानं टाकून दिलेले तारेचे बल्ब दुरुस्तीवाले जपून ठेवतात.

जपायचं स्वतःलाही असतं. घरातले 230 व्होल्ट सप्लायच्या बोर्डात डीसी होतात तेव्हा ते सुमारे 325 होतात, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये काही काळ टिकून राहतात. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडत तो रिकामा करणारे बहाद्दर आहेत. शहाणा माणूस बल्ब किंवा रेझिस्टर लावून हळूहळू उतरवतो.

कंडेन्सर इतके का जातात? आतला द्रव उष्णतेनं वाळत जातो म्हणून. अंगावर 105 अंश लिहिलेलं असतं, आणि साध्या कंडेन्सरचं त्या तापमानाचं आयुष्य बहुधा 2000 तास धरतात. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट, हा कारागिरांचा ठोकताळा. 65 अंशांवर ते 32 हजार तास भरतं, म्हणजे अखंड चालू ठेवल्यास साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. टीव्हीखालच्या बंद कप्प्यात रात्रंदिवस स्टँडबायवर राहणारा सेट-टॉप बॉक्स का मरतो, ते यातच आलं. डोकं फुगलेला कंडेन्सर तरी डोळ्यांना दिसतो. न फुगता आतून वाळलेला मीटरवर कधी कधी किंमतही बरोबर दाखवतो आणि शोधणाऱ्याचा अख्खा दिवस खातो.

एकाच दिवशी एकाच इमारतीतून चार-पाच सेट आले की कारण बहुधा सेटमध्ये नसतं. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटला की दोन फेजवरची घरं आपसात सिरीजमध्ये येतात, आणि ज्या घरात लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त दाब येतो, कधी चारशेच्या जवळपास. अशा वेळी बोर्डाच्या तोंडाशी बसवलेला चकतीसारखा व्हॅरिस्टर स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि आतलं सगळं वाचवतो. मग व्हॅरिस्टर आणि फ्यूज बदलले की सेट चालू. मात्र फ्यूजच्या जागी जाड तार टाकून सेट परत करणारेही याच धंद्यात आहेत. त्यांच्यामुळं बाकीच्यांची पत जाते, हे मला तरी बिलाच्या रकमेपेक्षा जास्त खटकतं.

25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी वारज्यापासून जवळच, मुठा नदीच्या पलीकडं एकतानगरीत शिरलं. अशा पुरात भिजलेल्या उपकरणांचा पहिला नियम असा, की लावून बघायचं नाही. नुसत्या पाण्यापेक्षा ओल्या बोर्डातून वाहणारी वीज तांब्याचे पातळ मार्ग खाते. आधी चिखल स्वच्छ पाण्यानं धुवायचा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि ब्रश, मग काही दिवस सुकवणं. घरच्या माणसाला “चालतंय का बघू” हा मोह आवरत नाही आणि वाचण्यासारखे कितीतरी बोर्ड त्या एका बटणानं मरतात.

कंपन्यांच्या सेवा केंद्रांत आता भाग नाही, अख्खा बोर्ड बदलतात. त्यांच्या वेळेच्या हिशेबात ते बरोबरही असेल, पण त्याला दुरुस्ती म्हणायला जीभ वळत नाही. बोर्ड मिळत नसेल तर उत्तर एकच: नवा घ्या. केंद्र सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढलं, त्यावर कंपन्यांनी सुट्या भागांची आणि सेवेची माहिती द्यावी असा हेतू. गल्लीतल्या दुकानाला हवा असतो तो बोर्डाचा सर्किट नकाशा. तो नसला की सारखा बोर्ड शेजारी ठेवून पायापायाला व्होल्ट मोजत, तुलना करत जावं लागतं.

या सगळ्यात सर्वांत त्रासदायक बिघाड म्हणजे घरी बंद पडणारा आणि दुकानात आणला की सुरळीत चालणारा. बहुतेकदा कुठं तरी सोल्डर सुटलेलं असतं आणि बोर्ड तापल्यावरच ती फट उघडते. हेअर ड्रायरनं एकेक कोपरा तापवायचा, स्प्रेनं गार करायचा, लाकडी काडीनं हलकं दाबून बघायचं. तरी सापडलं नाही तर सेट काउंटरवर चालू ठेवायचा आणि तो बंद पडायची वाट बघायची. गिऱ्हाइकाचा फोन येतो, “काका, झाला का?” झालाय म्हणावं तर सापडलेलं काहीच नाही, नाही म्हणावं तर समोर मालिका चालू आहे.