खुडलेले फूल जिवंत असते

उज्जयिनीत महाकालेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर पहाटेच्या भस्मआरतीपूर्वीच झेंडू, शेवंती, गुलाब आणि बेलपत्रे यांच्या टोपल्या मांडल्या जातात. वैशाखात दुपार होते न होते तोच त्याच टोपल्यांतील फुले माना टाकतात आणि सकाळचा हार निम्म्या किमतीस द्यावा लागतो. फूल खुडले की ते मेले, आता पाणी शिंपडण्यापलीकडे करण्यासारखे काही नाही, अशी कित्येकांची समजूत असते. ती खरी नव्हे. देठावरून वेगळे झालेले फूलही श्वास घेत असते, पाणी पीत असते आणि साठविलेली साखर खर्चीत असते. हवा जितकी उष्ण, तितका हा खर्च जलद. फुले पिकविणाऱ्याची आणि विकणाऱ्याची सारी विद्या या एका गोष्टीभोवती फिरते. तिचाच थोडा परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हरितगृह. युरोपात ते काचेचे असे आणि थंडीपासून रोपे वाचविणे हे त्याचे काम. लंडनमध्ये १८५१ साली उभारलेला प्रसिद्ध स्फटिकप्रासाद ज्याने आखला, तो जोसेफ पॅक्स्टन मूळचा माळी. हरितगृहे बांधता बांधताच त्याने ती कला हस्तगत केली होती. त्याच धर्तीचे काचगृह बंगळूरच्या लालबागेत आजही पाहावयास मिळते. सूर्यप्रकाश काचेतून आत शिरतो, जमीन व पाने तापतात, आणि तापलेली हवा बाहेर निसटू न शकल्यामुळे आतील उष्णता वाढते. उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीत बसणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

आपल्याकडे मात्र प्रश्न उलटा आहे. माळव्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेथे उष्णता कोंडून धरली तर रोपे होरपळतील. म्हणून आपल्या हरितगृहाला काचेऐवजी प्लास्टिकचा कागद असतो, साधारणतः २०० मायक्रॉन जाडीचा. छपराच्या माथ्यावर गरम हवेसाठी लांबलचक खिडकी असते, बाजूंना कीटकांना अटकाव करणारी बारीक जाळी असते, आणि दुपारी आतून सावलीचे कापड ओढून घेतात. तुषारांचे धुके सोडले की पाणी वाफ होताना हवेतील उष्णता शोषून घेते. माठातील पाणी गार होते त्यातलाच हा प्रकार. छपराच्या पन्हळी उत्तर-दक्षिण ठेवण्याचा प्रघात आहे, कारण मग त्यांची सावली दिवसभर सरकत राहते आणि कोणत्याही एकाच वाफ्यावर ठाण मांडीत नाही.

मातीचेही असेच. माळव्याची काळी माती गव्हाला उत्तम, पण ती पाणी धरून ठेवते. जरबेऱ्याची मुळे तीत कुजतात. म्हणून तांबडी माती, कुजलेले शेणखत आणि भाताचे तूस मिसळून उंच गादीवाफे करतात आणि ठिबकाने मोजून पाणी देतात. रोपाचा गड्डा मातीत पुरावयाचा नाही, किंचित वरच ठेवावयाचा, हा नियम मोडणाऱ्याचे पीक हातचे गेलेच म्हणून समजावे. पुण्याजवळ मावळात तळेगाव दाभाडे येथे सह्याद्रीच्या सौम्य हवेत गुलाबाची व जरबेऱ्याची हरितगृहे मोठ्या संख्येने आहेत. तेथील गुलाब १४ फेब्रुवारीच्या सुमारास परदेशी जातात. त्यासाठी डिसेंबरातच दिवस उलटे मोजून छाटणी करावी लागते. ती आठवडाभर चुकली तर फूल येते, पण गिऱ्हाईक निघून गेलेले असते.

उज्जयिनीच्या विद्यार्थ्यांना विशेष गोडी वाटेल अशी गोष्ट शेवंतीची आहे. आपली नगरी कर्कवृत्ताच्या अगदी जवळ. सवाई जयसिंहाच्या वेधशाळेतील शंकूची सावली २१ जूनच्या आसपास मध्यान्ही जवळजवळ नाहीशी होते. त्या सुमारास आपला दिवस साडेतेरा तासांचा असतो, तर डिसेंबरात तो पावणेअकरा तासांवर येतो. शेवंती हे अंतर ओळखते. रात्री पुरेशा लांबल्याखेरीज ती कळी धरीत नाही. दिवसाच्या लांबीचा आणि फुलण्याचा हा संबंध गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूच्या रोपांवर प्रयोग करून मांडला. आज शेवंती लांबवावयाची असल्यास मध्यरात्री काही वेळ दिवे लावतात, आणि लवकर हवी असल्यास सायंकाळीच काळे कापड ओढून खोटी रात्र करतात. वनस्पतीला अशी हूल देता येते याची आम्हांस तरी मौज वाटते.

असे असले तरी प्रत्येक फुलासाठी हरितगृह बांधावे असे आमचे मुळीच मत नाही. झेंडू उघड्या रानात उत्तम येतो. त्यावर छप्पर घालणे म्हणजे निव्वळ कर्जास आमंत्रण. शिवाय हरितगृहाचा हप्ता थांबत नाही, फुलांची मागणी मात्र एका रात्रीत थांबू शकते. मार्च २०२० मध्ये देवळांची दारे बंद झाली, लग्ने लांबणीवर पडली आणि कित्येक शेतकऱ्यांना उमललेली फुले खुडून उकिरड्यावर टाकावी लागली. न खुडावीत तर झाड थकते, आणि खुडावीत तर घेणारा नाही!

आता काढणी. गुलाब कळी घट्ट असतानाच कात्रीने कापतात. जरबेरा मात्र कापावयाचा नसतो. दांडा बुडाशी धरून, किंचित पिळून ओढून काढावयाचा, म्हणजे मागे कुजणारा खुंट राहत नाही. कापलेला गुलाब तत्काळ पाण्याच्या बादलीत जावा आणि तेथून २ ते ४ अंशांच्या शीतगृहात. दांड्यातील सूक्ष्म नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकला की वर पाणी चढत नाही. दुकानदार दांडा पुन्हा तिरका कापतो तो यासाठी, आणि शक्य तर पाण्याखालीच. बुडालेली पाने काढून टाकावीत, नाहीतर ती कुजून जंतू वाढतात व नळ्या तुंबतात. जरबेऱ्याचा दांडा केसाळ; त्याला चार बोटे पाणी पुरे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते : पिकलेली केळी आणि आंबे एथिलीन नावाचा वायू सोडतात, त्याने कित्येक फुले अकाली कोमेजतात. देवळाच्या वाटेवर मात्र फुलांची टोपली आणि केळ्यांची गाडी खेटून उभी असतात.

रचनेची सूत्रे मोजकीच आहेत. फुलदाणीच्या साधारण दीडपट उंचीची रचना डोळ्यांना बरी वाटते. मोठी व गडद फुले खाली, कळ्या व निमुळत्या काड्या वर. निशिगंधासारख्या काड्या रेषा देतात, गुलाब-जरबेरा भरीवपणा देतात, बारीक पाने पोकळी भरतात. गुच्छ हातात बांधताना प्रत्येक दांडा एकाच दिशेने तिरका ठेवीत जावे. दांड्यांचा पीळ बसतो आणि तो गुच्छ मेजावर आपला आपण उभा राहतो. फुले खोचण्याचा हिरवा स्पंज सोयीचा खरा, पण तो प्लास्टिकचाच एक प्रकार असून मातीत मिसळत नाही. तारेची जाळी त्याहून बरी.

हार आणि वेणी ही आपली रचनाकला आहे, आणि ती परकीय गुच्छांहून तसूभरही कमी नाही. आमच्या कोकणी मुलखात अबोलीची 'फाती' करतात. तीत सुई लागत नाही. फुलांचे नाजूक देठ केळीच्या ओल्या सोपटात एकेक करून गुंफले जातात. फूल टोचले जात नाही आणि सोपटाचा ओलावा देठाला मिळत राहतो. येथील हारात झेंडू आरपार ओवतात. टणक झेंडूला ते सोसते, अबोलीला सोसणार नाही.

शेवटी दुकानाचा हिशेब. समजा, ५ रुपयांस एक याप्रमाणे १०० जरबेरे घेतले आणि त्यांतील १५ वाया गेले. मग उरलेल्या ८५ फुलांची खरेदी ५ रुपये राहत नाही, ती ५ रुपये ८८ पैसे होते. दोरा, कागद, पाने, दुकानाचे भाडे आणि गुंफणाऱ्या हातांची मजुरी यांची बेरीज त्यानंतर. बादलीतील पाणी रोज बदलून ते १५ चे ५ करता आले, तर तीच खरेदी फुलामागे ५ रुपये २६ पैशांवर उतरते.