लादीच्या खालचं काम

पहिले दोन दिवस मिस्त्रीने लादीच्या खोक्याला हातही लावला नाही. गुडघ्यांवर बसून तो दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर फिरवत होता. पट्टीखालून उजेड दिसला की खडूने गोल, पट्टी डुगडुगली की फुली. गोल म्हणजे खड्डा, फुली म्हणजे उंचवटा. घरमालकीण दोनदा डोकावून गेल्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "काम सुरू कधी करणार?"

"सुरूच आहे ना, ताई."

शहाबादी आणि मोझॅकच्या काळात जमीन अशी तपासायची एवढी गरज नव्हती. लादी इंच-दीड इंच मालावर बसायची. खालचा कोबा कसाही असो, माल कमीजास्त करून, दोरी लावून, ठोकून मिस्त्री तिला पातळीत आणायचा. मोझॅकचे काठ वर-खाली राहिलेच तर पॉलिशचं मशीन ते घासून टाकायचं. पण मच्छू नदीकाठच्या मोरबीहून येणारी दोन बाय चार किंवा चार बाय आठ फुटांची व्हिट्रिफाइड लादी कुणाच्याच चुकांवर पांघरूण घालत नाही. एक बाजू पंधरा इंचांच्या पुढे गेली की लादी मोठी समजायची. तिच्यासाठी जमीन ३ मीटरमागे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त वर-खाली नको, असा नियम आहे. इथे गल्लत होते ती 'पातळी' आणि 'सपाट' या दोन शब्दांत. खोलीच्या एका टोकाला जमीन थोडी उतरती असली तरी एकवेळ चालेल. मध्ये खळगा चालणार नाही.

दुसरी अडचण अशी की ही लादी पाणी पीत नाही. ती फार तर अर्धा टक्का पाणी शोषते. मोझॅकची पाठ सिमेंटची स्लरी ओढून घ्यायची आणि घट्ट धरायची. व्हिट्रिफाइडच्या पाठीवर तीच स्लरी सुकते आणि पापडासारखी सुटते. म्हणून पॉलिमर मिसळलेलं ॲडेसिव्ह लागतं. त्यासाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे आणि पोत्यावर प्रकारही छापलेला असतो. तो वाचणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. काही जण ॲडेसिव्ह आणतात खरं, पण चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये एक, असं लादी दाबून मोकळे होतात. विशेषतः भिंतीवर. वरून काम सुरेख दिसतं. आत हवा असते, आणि न्हाणीघरात हळूहळू पाणी.

आमच्या मिस्त्रीची पद्धत निराळी. दातेरी थापीने जमिनीवर ॲडेसिव्हच्या सरळ रेघा ओढायच्या, लादीच्या आखूड बाजूला समांतर, म्हणजे दाबल्यावर हवेला बाहेर पडायला जवळची वाट मिळते. गोल गोल थापी फिरवली तर हवा आतच कोंडते. लादीच्या पाठीवरची पांढरी भुकटी पुसून तिथेही ॲडेसिव्हचा पातळ हात. मग सक्शन कप लावून दोघांनी लादी उचलायची (चार बाय आठची नऊ मिलिमीटर जाड लादी साठ किलोंना भरते), अलगद टेकवायची आणि रेघांच्या आडवी थोडी पुढे-मागे सरकवायची, म्हणजे रेघा मोडून एकमेकींत मिसळतात. पंखा बंद. उन्हाळ्यात ॲडेसिव्हवर बघता बघता साय धरते. बोटाला चिकटलं नाही की ते खरवडून टाकायचं, पाणी शिंपडून पुन्हा चालवायचं नाही.

पहिली लादी बसली, छान बसली, आणि त्याने ती उपटून उलटी केली. मालकीणबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाठ किती भरली ते तो पाहत होता. कोरड्या खोलीत निदान ८० टक्के, ओल्या जागी ९५ टक्के, आणि कोपरे पूर्ण.

काठ एका पातळीत ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा आणि पाचर त्याच्याकडेही होत्या. बिघडलेल्या जमिनीवर त्यांचा उपाय चालत नाही. फार तर लादी ओढून तिच्याखाली पोकळी तयार होते. लांब लादी भट्टीतून निघते तेव्हाच मध्ये किंचित फुगलेली असू शकते. विटांसारखी निम्म्यावर सांधली तर एकीचा फुगवटा दुसरीच्या टोकाला येतो आणि पायाला ठेच लागते. म्हणून सांधा एक तृतीयांशावर. न्हाणीघरात तर चारही बाजूंनी जाळीकडे ढाळ हवा, आणि मोठी लादी वाकत नाही. मग ती कर्णात कापायची, नाहीतर भिंतीलगत लांबट जाळी बसवून एकाच बाजूला ढाळ द्यायचा.

वाद झाला तो सांध्यावरून. मालकीणबाईंना फट नकोच होती. मिस्त्री तीन मिलिमीटरवरून हटला नाही. स्लॅब वाळताना आकसतो, लादी उन्हाने प्रसरण पावते. सहा मीटरच्या दिवाणखान्यात वीस अंशांनी तापमान वाढलं तर पाऊण मिलिमीटरहून अधिक. तेवढं सरकायला जागा नसली की एखाद्या दिवशी फटाका वाजल्यासारखा आवाज होतो आणि दोन लाद्या तंबूसारख्या उभ्या राहतात.

शेवटच्या दिवशी भिंतीलगत सगळीकडे बोटभर फट होती.

"ही तरी सिमेंटने भराल ना?"

"ही अशीच राहू द्या, ताई." त्याने वर स्कर्टिंग लावली, ती फक्त भिंतीला चिकटवून, आणि खाली सिलिकॉनची बारीक रेघ ओढली.