पुदिन्याचा चहा आणि सोन्याची कड

होम डेकोरच्या कुठल्याही चकाचक दुकानात शिरा. सेंटेड कँडल्स आणि पितळी कंदिलांच्या मधल्या शेल्फवर ते हमखास दिसतात. जेमतेम चार-पाच बोटं उंचीचे, कान नसलेले, छोटेसे ग्लास. सहाच्या सेटमध्ये सहा रंग. निळा, हिरवा, मरून, जांभळा... आणि त्यावर सोनेरी कमानी, वेलबुट्टी, ठिपके. बॉक्सवर लिहिलेलं असतं, ‘मोरोक्कन टी ग्लासेस, हँडपेंटेड’. आपण एक उचलतो, लाइटसमोर धरतो, मनातल्या मनात शनिवार रात्रीची पार्टी सजवतो आणि क्यूआर कोड स्कॅन करून मोकळे होतो.

पुढे काय? अर्ध्या घरांत त्यात टी-लाइट्स पेटतात, उरलेल्या घरांत टकीला ओतली जाते. बिचारा चहा राहूनच जातो! आणि बॉक्सवरचे ते दोन शब्द, ‘मोरोक्कन’ आणि ‘हँडपेंटेड’, खरे आहेत का, हेही विचारायचं राहून जातं. दोन्ही शब्दांत बरीच गंमत आहे. दुसऱ्यात तर थोडी काळजी करण्यासारखीही.

आधी चहाचं बघू. कारण चहा कळल्याशिवाय हा ग्लास असा का, ते कळत नाही.

मोरोक्कोत चहाला म्हणतात ‘अताय’. दूध नाही, आलं नाही. चीनमधून येणारा हिरवा चहा, ज्याची पानं वळून मिरीच्या दाण्यांसारख्या गोळ्या केलेल्या असतात. दिसतात बंदुकीच्या दारूसारख्या, म्हणून नावही ‘गनपावडर’. किटलीत आधी थोडं उकळतं पाणी घालून ही पानं खळबळून घ्यायची, कडवट पाणी फेकून द्यायचं. मग ताज्या पुदिन्याची जुडीच्या जुडी. आणि साखर. किती? आपल्या अमृततुल्यवाल्यालाही क्षणभर विचारात पाडेल इतकी. तिथे साखर अजूनही शंकूच्या आकाराच्या ढेपेत मिळते, एकेक ढेप दोन किलोची, कागदात गुंडाळलेली. ती फोडायला छोटी हातोडी लागते. साखरपुड्याला, लग्नाला जाताना ही ढेप भेट म्हणून नेतात. साखरपुड्याला खरोखरच साखर!

खरी नजाकत ओतण्यात आहे. पहिला ग्लास भरायचा आणि परत किटलीत रिकामा करायचा, म्हणजे साखर नीट मिसळते. (चमचा वापरला की यजमानाची पत गेली, असं समजा.) मग किटली हातभर उंच धरून बारीक धार सोडायची. ग्लासात फेस धरला पाहिजे. या फेसाला तिथे ‘रझ्झा’ म्हणतात. म्हणजे फेटा! फेटा बांधलेला चहा ही कल्पना कोल्हापूरकरांना कशी सुचली नाही, हाच प्रश्न आहे.

आता ग्लासाकडे बघा. तो पारदर्शक आहे, कारण रंग आणि फेटा दिसायला हवा. छोटा आहे, कारण चहा गरमच संपायला हवा आणि पुन्हा भरला जायला हवा. कान नाही, म्हणून तो काठोकाठ भरत नाहीत. वरची रिकामी कड अंगठ्याने आणि खालचा बूड बोटाने धरून उचलायचा. बशीत ओतून फुर्रकन पिणाऱ्या आपल्या लोकांना हे जमायला दोन-तीन चटके लागतात, एवढंच.

मात्र एक गैरसमज काढून टाका. सगळा मोरोक्को रोज उठून सोनेरी ग्लासात चहा पीत नाही. टँजिअरला समुद्रावर ‘काफे हाफा’ नावाचा १९२१ सालचा कॅफे आहे. तिथे चहा मिळतो साध्या, बिननक्षीच्या ग्लासात, आत पुदिना कोंबून. रस्त्यावर, टपरीवर, घरातल्या घरात साधाच ग्लास. रंगीत नक्षीचा सेट निघतो तो पाहुणे आले की. म्हणजे आपल्याकडे शोकेसमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेले ते कप असायचे ना, ‘हात लावू नका, पाहुण्यांचे आहेत’वाले? तसंच. नक्षी चहासाठी नसतेच. ती समोर बसलेल्या माणसासाठी असते.

गावठी कोण, इंग्लिश कोण?

मोरोक्कन बोलीत दोन शब्द फार कामाचे आहेत, ‘बेल्दी’ आणि ‘रुमी’. बेल्दी म्हणजे इथलं, देशी. रुमी म्हणजे रोमचं, पण अर्थ परदेशी. कोंबडीसुद्धा बेल्दी आणि रुमी असते. आपली गावठी आणि ब्रॉयलर, अगदी तोच फरक, आणि चवीबद्दल वादही तेच.

ग्लासातही बेल्दी आहे. भंगारातली काच वितळवून फुंकलेला, किंचित हिरवट, अंगात बुडबुडे असलेला, थोडा वाकडातिकडा. आणि तो असतो अगदी साधा. आपण ज्याला ‘ट्रॅडिशनल मोरोक्कन’ म्हणून डोक्यावर घेतो, तो सोन्याच्या वेलबुट्टीचा रंगीत ग्लास मुळात रुमी घराण्यातला आहे!

झालं असं की चहा स्वतःच तिथे पाहुणा. अठराव्या शतकात तो दरबारी चैन होता. सामान्य माणसापर्यंत पोचला एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात एका युद्धाचा हात होता. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात ब्रिटिश व्यापाऱ्यांची बाल्टिककडची गिऱ्हाइकं तुटली. गोदामात पडलेला चहा त्यांनी टँजिअर आणि मोगादोर (आजचं एसाउइरा) या बंदरांकडे वळवला. लोक पुदिन्याचा काढा आधीपासून पीतच होते, त्यात हा हिरवा चहा जाऊन बसला.

चहा आला, मग भांडी आली. फेस शहरातले कापडाचे व्यापारी त्या काळात मँचेस्टरला जाऊन राहिले होते. मँचेस्टरचं कापड म्हटलं की आपल्याला स्वदेशीच्या होळ्या आठवतात. मोरोक्कन माणसाला मात्र मँचेस्टर म्हटलं की किटली आठवू शकते. तिथल्या रिचर्ड राइट याच्या शिक्क्याच्या चकचकीत किटल्या मोरोक्कन बैठकीत मानाच्या ठरल्या. आणि ग्लास आले बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून. त्याच्या उत्तरेला नोव्ही बोर आणि कामेनित्स्की शेनोव्ह ही गावं काच रंगवण्यासाठी आणि तिच्यावर सोनं चढवण्यासाठी नावाजलेली. शेनोव्हमध्ये तर १८५६ पासून काचकामाची शाळा आहे. तिथले कारागीर गिऱ्हाईक बघून नक्षी काढायचे. पूर्वेकडच्या बाजारासाठी कमानी, चांदण्या, दाट वेली. श्रीमंत घरांत पुढे फ्रान्सच्या सां-लुईचे क्रिस्टलचे ग्लासही मानाने मिरवले.

आपण यातून फार लांब नाही. आपल्या वाड्यांमधल्या हंड्या-झुंबरांची विलायती काच याच व्यापारातून आली. आणि उत्तम काचेला आपण काय म्हणतो? बिलोरी. मोरोक्कोतही स्फटिकासारख्या काचेच्या ग्लासांना ‘बेल्लार’चे ग्लास म्हणतात. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, अरबी-फारसी ‘बिल्लौर’. भाषेचे अभ्यासक हा धागा आणखी मागे ग्रीकपर्यंत आणि तिथून आपल्या ‘वैडूर्य’च्या प्राकृत रूपापर्यंत नेतात. शब्द इकडून गेला, जग फिरून काच होऊन परत आला.

म्हणजे पानं चीनची, किटली इंग्लंडची, ग्लास बोहेमियाचा. मोरोक्कोचं काय? धार, फेटा, पुदिना, आणि पाहुण्यासाठी ठेवणीतलं काढण्याची रीत. मला तर हे पुरेसं मोरोक्कन वाटतं. बटाटा आणि पाव दोन्ही बाहेरून आले म्हणून वडापाव परका ठरत नाही. त्यामुळे बॉक्सच्या मागे ‘मेड इन’ कुठलाही देश निघाला तरी एवढं नाक मुरडू नका. हा ग्लास पहिल्यापासून बाहेरून येऊनच मोरोक्कन झालाय. प्रश्न विचारायचा तो दुसऱ्या शब्दाबद्दल.

‘हँडपेंटेड’ म्हणजे नक्की काय?

खरंखुरं हातकाम असं चालतं. काचेवर टिकणारा रंग म्हणजे आपला नेहमीचा पेंट नाही. ती असते मीना, म्हणजे कमी उष्णतेला वितळणाऱ्या रंगीत काचेची पिठासारखी पूड, तेलात कालवलेली. कारागीर ग्लास एका छोट्या फिरत्या चकतीवर ठेवतो. एका हाताने चकती फिरवायची आणि दुसऱ्या हातातला लांब केसांचा ब्रश स्थिर धरायचा. ब्रश हलत नाही, ग्लास फिरतो, आणि रेघ स्वतःला येऊन मिळते. मिळाली नाही तर पुसा आणि पुन्हा सुरू करा. वेली, ठिपके, कमानी मात्र मुक्त हाताच्या. सोनं लावतात तेव्हा ते सोन्यासारखं दिसतच नाही, मळकट तपकिरी द्रव असतो तो. चमक येते भट्टीत.

आणि भट्टी हीच परीक्षा. साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला मीना वितळून काचेला धरते. याच सुमाराला ग्लासाची स्वतःची काचही मऊ पडायला लागते. थोडं कमी तापलं तर नक्षी निघून येणार, थोडं जास्त तापलं तर ग्लास बसणार. वर निवायचंही सावकाश, नाहीतर तडा. एका ग्लासामागे एवढी कामं आणि एवढे तास असतील, तर सहाचा सेट पिझ्झाच्या किमतीत कसा मिळेल, याचं गणित तुम्हीच करा.

स्वस्तातला माल बहुतेकदा दोन प्रकारचा असतो. एक, ट्रान्सफरचा. छापलेली नक्षी पाण्यात भिजवून ग्लासावर सरकवायची आणि मग भाजायची. लहानपणी वह्यांवर चिकटवायचो त्या चित्रांचा मोठा भाऊ. हा काही वाईट नसतो, नीट भाजलेला असेल तर वर्षानुवर्षं टिकतो. फक्त त्याला हँडपेंटेड म्हणू नये. दुसरा प्रकार जास्त फसवा. खरोखर हाताने रंगवलेला, पण भट्टीच न पाहिलेला. घरोघरी ग्लास पेंटिंगच्या क्लासची लाट आली होती, काळ्या लायनरने मोर आणि गणपती काढायचे, आठवतंय? तो रंग शोभेसाठी ठीक, चहासाठी नाही. (घरच्या ओव्हनमध्ये १५०-१६० अंशांना पक्के होणारे हौशी रंगही मिळतात. ते धुण्याला बऱ्यापैकी टिकतात, पण भट्टीची सर नाही.) माझ्या एका मैत्रिणीला लग्नात असाच सेट मिळाला होता. तिसऱ्या धुण्यात अर्धी नक्षी स्क्रबवर आली आणि उरलेले ग्लास नुसतेच निळे राहिले.

मग ओळखायचं कसं? सेटमधले एकाच रंगाचे किंवा एकाच नक्षीचे दोन ग्लास शेजारी धरा. सगळी पानं तंतोतंत सारखी असतील तर ती छपाई. मग ग्लास गोल फिरवून सांधा शोधा. नक्षीची दोन टोकं जिथे मिळतात तिथे सरळ उभी फट किंवा चढलेली कड दिसली, तर ट्रान्सफर. हातकामात ठिपका सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक असतो, बोट फिरवलं की उंचवटा लागतो, वेल कुठेतरी थोडी दाटलेली असते, कारण शेवटच्या पानाला जागा कमी पडली. मला स्वतःला ते दाटलेलं पानच सगळ्यात आवडतं. आणि नखाने रंग निघाला, तर ग्लास मुकाट्याने शेल्फवर परत ठेवा.

आता काळजीचा मुद्दा. चमकदार लाल, पिवळ्या, केशरी रंगांच्या मीनेत पूर्वापार कॅडमियम आणि शिसं वापरलं गेलंय. आतून ग्लास साधा असला तरी ओठ बाहेरून लागतातच. म्हणून बाहेरून रंगवलेल्या ग्लासांच्या तपासणीत काठापासूनची २० मिलिमीटर पट्टी वेगळी मोजतात. हा फक्त छोट्या कारखान्यांचा प्रश्न आहे असंही नाही. २०१० साली अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सने कार्टूनची चित्रं असलेले सुमारे १.२ कोटी ग्लास परत मागवले होते, कारण रंगात कॅडमियम सापडलं होतं. तेव्हा विकत घेताना दुकानदाराला थेट विचारा, शिसं-कॅडमियममुक्त आहे का, खाण्यापिण्यासाठी आहे की शोभेसाठी? उत्तर ‘इम्पोर्टेड आहे मॅडम’ असं आलं, तर ते उत्तर नव्हे. रंगीत नक्षी काठापासून दोन सेंटिमीटर खाली थांबलेली असेल तर उत्तम. म्हणजे मोरोक्कन लोक पकडायला जी कड मोकळी ठेवतात, साधारण तीच जागा. आणि आंबट पेयांत हे धातू जास्त उतरतात, तेव्हा टकीला-लिंबूवाल्यांनी विशेष ऐकावं.

घरी आणल्यावर मायक्रोवेव्ह पूर्ण बंद (सोनं ठिणग्या मारतं), डिशवॉशर बंद, तारेची घासणी तर बघायचीही नाही. मऊ स्पंज, कोमट पाणी. सेट घ्यायचाच असा हट्टही नको. सहा छापील ग्लासांपेक्षा दोन हातचे घ्या. वीकेंडला घरी येणारं माणूसही बहुतेकदा एकच असतं, नाही का?

शेवटचं, चहा ओतायच्या आधी ग्लास कोमट पाण्याने विसळून घ्या, नाहीतर उकळत्या धारेने गारठलेली काच तडकते. पुदिना बाजारातला नेहमीचाच चालेल. पहिल्या दिवशी किटली फक्त वीतभर उंच धरा आणि टेबलावर जुना टॉवेल पसरा. फेटा तिसऱ्या-चौथ्या ग्लासाला बसतो.