आगीनंतरचं घर : आधी तपासणी, मग छपाई

आग विझल्यावर घरातल्या माणसांना सगळ्यात आधी तो काळा रंग डोळ्यांसमोरून जायला हवा असतो. हे अगदी साहजिक आहे. पण पुढचं बरंचसं नुकसान याच घाईतून होतं.

नागपुरात मनीषनगर ओलांडून बेसा, घोगली, पिपळ्याकडे जाताना जिथे पूर्वी शेतं होती, तिथे आता डुप्लेक्स, रो-हाउस आणि फ्लॅट स्कीमच्या रांगा आहेत. उन्हाळ्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो (23 मे 2013 रोजी तो 47.9 अंशांवर होता). तेव्हा घराघरांत एसी, कूलर, फ्रिज आणि पंप एकाच वायरिंगवर दिवसरात्र चालतात. कुठेतरी ढिला जोड तापतो, पडदा किंवा सोफा पेटतो आणि एक-दोन खोल्या जळतात. बंब येतो, आग आटोक्यात येते आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी ओळखीचा ठेकेदार दारात उभा असतो. “काही झालं नाही भाऊ, छपाई मारून, रंग देऊन आठ दिवसांत घर नवं करून देतो.” माझ्या मते जळालेल्या घराची सगळ्यात महाग चूक म्हणजे अशी तपासणीआधी मारलेली छपाई (प्लास्टर). ती एकदा झाली की खालचा स्लॅब कसा आहे, हे कुणालाच दिसत नाही.

लोकांच्या मनात दोन टोकं असतात. काहींना वाटतं, जळालेलं घर पाडावंच लागतं. काहींना वाटतं, सिमेंट-लोखंडाच्या घराला आग काही करत नाही. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हा चौथा, पाचवा आणि सहावा मजला जळून गेला आणि पाच जणांचा जीव गेला. ती इमारत पाडली नाही, दुरुस्त केली, आणि राज्याचा कारभार आजही तिथूनच चालतो. काँक्रीट उष्णतेचं मंद वाहक आहे. घरगुती आग तासाभरात विझली, तर बहुतेक वेळा भाजतो तो बाहेरचा काही सेंटीमीटरचा थर, आतला गाभा शाबूत राहतो. म्हणून पाडण्याची वेळ क्वचित येते.

पण त्या बाहेरच्या थरातच सळई असते. स्लॅबच्या खालच्या सळईवर नियमाप्रमाणे किमान 20 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण लागतं, आणि साइटवर ते पुष्कळदा तेवढंही भरत नाही. काँक्रीट साधारण 300 अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमवायला लागतं, आणि थंड झाल्यावर ती ताकद परत येत नाही. सळईचं गणित वेगळं आहे. ती तापल्यावर मऊ पडते आणि थंड झाल्यावर पुष्कळशी सावरते. मात्र आजकाल सगळीकडे वापरली जाणारी टीएमटी सळई बनवतानाच पाण्याने झटकन थंड करून तिची बाहेरची कडी कणखर केलेली असते. साधारण 500 ते 600 अंशांच्या पुढे तापली, तर त्या कडीचा कणखरपणा कायमचा उतरतो. जुन्या घरांतल्या पिळाच्या सळईला तर त्याहून कमी तापमानातच धोका असतो. बाहेरून दोन्ही सळया ठाकठीकच दिसतात.

भाजलेलं काँक्रीट गुलाबीसर होतं, असं काही जाणकार मिस्त्री सांगतात. ते खरं आहे, पण ही खूण वाळू-गिट्टीच्या जातीवर अवलंबून असते. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या गिट्टीत ती फिकट दिसते किंवा दिसतही नाही. म्हणून गुलाबी झाक दिसली तर काळजी करावी, पण ती नाही म्हणून निश्चिंत होऊ नये.

आणखी एक गोष्ट फारच कमी जणांना माहीत असते. आगीचं काही नुकसान आगीनंतर होतं. 400-500 अंशांच्या आसपास सिमेंटमधला चुन्याचा घटक फुटतो आणि कळीचा चुना उरतो. पुढे हवेतला ओलावा किंवा पावसाचं पाणी मिळालं की तो फुगतो आणि काँक्रीटला नव्या भेगा पाडतो. मे महिन्यात जळालेला, वरून भेगाळलेला स्लॅब जूनच्या पहिल्या सरीत भिजला, तर हेच घडतं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात इंजिनिअरने “ठीक आहे” म्हटलं, तरी महिना-दीड महिन्याने पुन्हा एकदा बघायला बोलवावं. मधल्या काळात वरून ताडपत्री टाकावी, खाली टेकू द्यावेत आणि त्या खोलीच्या गच्चीवर काही वजन ठेवू नये.

“भिंतींना काय होतंय? विटा तर भट्टीतच भाजलेल्या असतात.” लाल मातीच्या विटेबद्दल हे बरोबर आहे, तिने भट्टीत घरगुती आगीच्या तोडीची धग सोसलेली असते. पण कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांमुळे या भागात फ्लाय अ‍ॅशच्या विटा मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. त्या भट्टीत भाजलेल्या नसतात, त्या सिमेंट किंवा चुन्याने बांधलेल्या असतात. जास्त आचेत त्यांचा बांधच कमजोर होतो. आपलं घर कोणत्या विटेचं आहे, हे छपाईचा एक तुकडा काढून बघावं. पीओपीच्या छताचं मात्र उलट आहे. ते कोसळलेलं बघून जीव घाबरतो, पण जिप्सममध्ये बांधलेलं पाणी उष्णता शोषतं, आणि त्या छताने वरचा स्लॅब बराच वेळ वाचवलेला असू शकतो.

आता मलब्याबद्दल. “आधी सगळं उचलून फेका” हा सल्ला शेजारीपाजारी मायेने देतात. तो ऐकू नका. जळालेला मलबा हा इंजिनिअरचा थर्मामीटर असतो. अ‍ॅल्युमिनिअम 660 अंशांना वितळतं, तांबं 1080 च्या पुढे. खिडकीची पट्टी वितळून ओघळली आणि वायरचं तांबं तसंच आहे, एवढ्यावरून त्या कोपऱ्यात किती तापमान होतं याचा अंदाज बांधता येतो. विम्याच्या सर्वेक्षकालाही तेच बघायचं असतं. पंचनामा, अग्निशमन विभागाचा अहवाल, प्रत्येक खोलीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो आणि विमा कंपनीला लेखी कळवणं, हे झाल्यावरच घमेलं उचलावं. गच्चीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील आणि ते तडकले असतील, तर ते कोरडे फोडू नयेत. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. पाणी मारून, तोंडाला चांगला मास्क लावून ते अखंड उतरवावेत.

काजळी ओल्या फडक्याने पुसली की ती छपाईत आणखी आत मुरते. आधी कोरडी साफसफाई, व्हॅक्यूम आणि कोरडा स्पंज, मग साबणाचं पाणी. त्यावर थेट डिस्टेंपर मारलं, तर पिवळे डाग आणि वास पुन्हा वर येतात, म्हणून डाग अडवणारा प्रायमर लागतो. वायरींचं पीव्हीसी जळालं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतं. त्याचा थर काँक्रीटवर आणि उपकरणांच्या आत बसतो आणि धातू खात राहतो. म्हणूनच वरून चांगला दिसणारा टीव्ही किंवा इन्व्हर्टर “चालतो का बघू” म्हणून लावू नये.

विम्याबद्दलचा सगळ्यात घातक समज असा : “शॉर्टसर्किटची आग आहे, विमा मिळत नाही.” ज्या उपकरणात दोष झाला, ते उपकरण वगळलं जातं. त्यातून पसरलेल्या आगीने झालेलं घराचं नुकसान वगळलं जात नाही. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात इंजिनिअर-आर्किटेक्टची फी दाव्याच्या 5 टक्क्यांपर्यंत आणि मलबा हटवण्याचा खर्च 2 टक्क्यांपर्यंत मिळतो. म्हणजे तपासणीच्या ज्या खर्चाला लोक कचरतात, तो बऱ्याच अंशी पॉलिसीतच असतो. बेसामधली पुष्कळ घरं कर्जावर घेतलेली आहेत, आणि कर्जासोबत बँकेने काढलेली पॉलिसी कपाटात पडून असते. ती घराची आहे की फक्त कर्जदाराच्या जिवाची, हे आजच उघडून बघा. आग सिलिंडरची असेल, तर तेल कंपन्यांच्या सामूहिक विम्यात नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका अपघाताला 2 लाखांपर्यंत तरतूद आहे. त्यासाठी वितरकाला तत्काळ लेखी कळवावं लागतं.

“ताबा मिळून पाच वर्षं झाली नाहीत, बिल्डरच करून देईल” हेही सरसकट खरं नाही. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे पाच वर्षांची जबाबदारी बांधकामातल्या आणि कामाच्या दर्जातल्या दोषांची आहे. वायरिंगच मुळात निकृष्ट होतं, हे तज्ज्ञाच्या अहवालाने दिसलं तर भांडायला जागा आहे. तुमच्या देवघरातल्या दिव्याने लागलेल्या आगीला ती नाही. आणि फ्लॅट असेल तर बीम, कॉलम, स्लॅब हे सगळ्या इमारतीचे असतात. सोसायटीला विचारल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही.

मग ठेकेदार कसा निवडायचा? पहिली अट क्रमाची आहे. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि तो ठेकेदाराने आणलेला नसावा. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक चाचणी आणि गरज पडली तर काँक्रीटचा कोअर काढून दाबचाचणी, या तपासण्या तो सुचवेल. जळालेल्या आणि त्याच घरातल्या न जळालेल्या स्लॅबची तुलना झालीच पाहिजे, नाहीतर नुसत्या आकड्यांना अर्थ नाही. नागपुरात व्हीएनआयटीसारखी अभियांत्रिकी संस्था असताना तपासणीसाठी दूर जायची गरज नाही. इंजिनिअरने लेखी सांगावं : कुठली छपाई काढायची, किती खोल काँक्रीट खरवडायचं, कुठे जादा सळई, कुठे मायक्रोकाँक्रीट. त्या कागदावरून दोन-तीन ठेकेदारांकडून भाव घ्यावेत. मगच ते भाव एकमेकांशी ताडून बघता येतात.

छपाई काढायच्या आधीच ठोक रक्कम सांगणाऱ्याला नकार द्या, तो एकतर अंदाजाने बोलतोय किंवा काँक्रीटला हात लावणारच नाही. नवं घर उत्तम बांधणारा ठेकेदार दुरुस्तीतही उत्तम असेल, असंही धरून चालू नका. मायक्रोकाँक्रीट, गनायटिंग (दाबाने काँक्रीट फवारणं), सळईला गंजरोधक थर हे वेगळं कसब आहे. त्याने पूर्वी केलेलं असं काम प्रत्यक्ष जाऊन बघावं आणि त्या घरमालकाशी ठेकेदाराच्या गैरहजेरीत बोलावं. करारात मोजमापावर दर, मालाचं नाव, कामाची मुदत, मजुरांचा विमा आणि हप्ते लिहून घ्यावेत. माझा आग्रह एका कलमाचा आहे : उघडी केलेली सळई इंजिनिअरने बघून सही केल्याशिवाय झाकायची नाही, आणि तिचे फोटो मालकाला द्यायचे. निम्मे पैसे आगाऊ देऊ नयेत, थोडी रक्कम एक पावसाळा निघेपर्यंत रोखून ठेवावी. पैसे बँकेतून जावेत, पक्कं बिल घ्यावं. फसवणूक झालीच तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तिथे हेच कागद लागतात.

वायरिंग मात्र ठेकेदाराच्या “आपल्या माणसाकडून” करून घेऊ नये. ते परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम आहे. जळालेल्या खोलीपुरती वायर बदलून भागत नाही, त्याच सर्किटवरची बाकीची वायरही तापलेली असते. नव्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. काम मे महिन्यात असेल तर एक काळजी जास्त घ्यावी लागते : आपल्या उन्हात नवा मसाला तासाभरात सुकतो आणि भुसभुशीत राहतो. सिमेंटकाम पहाटे करावं, ओलं गोणपाट लावावं आणि किमान सात दिवस पाणी मारावं.

बेसा-पिपळ्यातल्या ज्या सोसायट्यांनी अजून इमारतीचा विमा काढलेला नाही, त्यांनी येत्या सभेत हा विषय पहिला घ्यावा, आणि त्याच सभेत वायरिंगच्या तपासणीची तारीखही ठरवावी.